माझ्या नावाचं रक्त

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

संस्थेचं टपाल आलं. दोन पत्रं. मंदाच्या पत्रात तीन ओळी: आपल्या नमुन्यात नोंद घेण्याजोगं काही आढळलं नाही, सहभागाबद्दल आभार. माझं पत्र दोन पानी. वजनमापे खात्यात आख्खी नोकरी काढलेल्या माणसाला एवढं कळतं, की कागद लांबला की समजावं, कुठेतरी काटा हललाय.

प्रकरण असं. जुलैत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका संशोधन संस्थेने शिबिर घेतलं होतं. पासष्टीपुढच्या लोकांचं रक्त घ्यायचं आणि वय वाढतं तसं पेशींच्या आत काय काय बदलतं ते बघायचं. फुकट, वर चहा आणि खारी, त्यामुळे निम्मं कोथरूड लोटलं होतं. आमचे दोघांचे फॉर्म मीच भरले. मंदाचे सगळे फॉर्म लग्नापासून मीच भरतो, सही कुठे करायची तिथे फुलीसुद्धा मीच मारून देतो. दोघांची दोन पाकिटं मिळाली, एकावर एक्केचाळीस नंबर, दुसऱ्यावर बेचाळीस, आत बाटलीला चिकटवायच्या पट्ट्या. तेवढ्यात आमचे सेक्रेटरी रणजितराव यांनी आपली गाडी बरोब्बर हॉलच्या दारात लावली. म्हातारी माणसं काठ्या टेकत येणार आणि हे महाशय दारात गाडी लावणार! मी चष्मा काढून खिशात ठेवला (भांडायचं असलं की मी आधी चष्मा काढतो), एक पाकीट मंदाच्या हातात कोंबलं, "तू जाऊन बस, मी आलोच" म्हणालो आणि गेलो. गाडी हलवूनच परत आलो. तोवर तिचं रक्त घेऊन झालं होतं. मग मी दिलं. आतली मुलगी नुसता नंबर विचारायची, नाव-गाव काही नाही. पटापट काम चाललं होतं, तेव्हा मला कौतुकच वाटलं.

तर पत्र. "आपल्या रक्तातील काही पेशींमध्ये वाढत्या वयाशी निगडित जनुकीय बदल आढळले असून त्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आहे. कृपया भेटावे. घाबरण्याचे कारण नाही." हे शेवटचं वाक्य ज्याने लिहिलं त्याला कुणीतरी एकदा असं पत्र पाठवायला हवं.

मंदाने विचारलं, "काय लिहिलंय?"

"आभार मानलेत."

"दोन पानं भरून?"

"माझे जास्त मानलेत."

हसली आणि सोफ्यावर आडवी झाली. पुण्यात दुपारी एक ते चार माणसं झोपतात हे जगजाहीर आहे, पण ही हल्ली अकरालाच लवंडते. पत्र मी माझ्या पितळी वजनांच्या पेटीत तळाशी ठेवलं. निवृत्त झालो तेव्हा खात्याने भेट दिलेली पेटी, तिला कुणी हात लावत नाही.

कुणाला सांगायचं नाही म्हटलं की कुठेतरी लिहावं लागतं, म्हणून ही डायरी.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी बेसिनमध्ये रक्त दिसलं. थेंबभरच, पण लालभडक. आरशापुढे तोंड उघडून एकेक हिरडी दाबून पाहिली. कुठेच काही नाही. मग रक्त आलं कुठून? आतून येत असणार.

नोंद: हिरड्यांतून रक्त, बहुधा. वजन अडुसष्ट किलो. काटा मी स्वतः तपासलेला आहे, त्यामुळे त्याबद्दल वाद नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

संस्थेत जाऊन आलो. मंदाला सांगितलं, पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायला जातोय. "तो नोव्हेंबरात असतो ना?" म्हणाली. "यंदा आधी घेतायत," म्हटलं. खोटं बोलायची सवय नाही, कान तापले.

तिथे शेफाली नावाची मुलगी भेटली. तिशीची असेल, पण पदव्यांची सगळी अक्षरं तिच्या नावापुढे लागून झालीयेत. समजावून सांगण्यात हुशार. म्हणाली, "काका, जन्मल्यापासून तुमच्या पेशी स्वतःच्या नकला काढतायत. नकलेत थोडी चूक राहतेच. हाडांच्या मगजात रक्त बनवणाऱ्या ज्या मूळ पेशी आहेत ना, त्यातल्या एकेकीत दर वर्षी पंधरा-वीस बारीक बदल साठत जातात. सत्तरीपर्यंत हजाराच्या वर. तुमच्यात, माझ्या आजीत, सगळ्यांत. टेन्शन घ्यायचं नाही, बहुतेक बदलांनी काहीच होत नाही."

"मग दोन पानी पत्र मलाच का?"

"एखादा बदल असा होतो की ती पेशी बाकीच्यांपेक्षा जोरात वाढायला लागते. मग रक्तात तिचीच पिल्लं दिसतात. तुमच्या शंभरातल्या तीसएक पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या आहेत."

"म्हणजे आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखं. सगळे एकाच घरातले."

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. असे बदल माझ्यात एक नाही, दोन आहेत. दुसरा जरा वाईट जातीचा. मी सरळ विचारलं, कॅन्सर आहे का? नाही म्हणाली. होईल का? बहुतेकांना होत नाही म्हणाली, पण दोन आहेत म्हणून रक्ताच्या डॉक्टरांची नजर पाहिजे. जाता जाता म्हणाली की पुरुषांच्या पेशींमधून वयानुसार वाय गुणसूत्रही गळतं, काही पेशींत राहतं, काहींत नाही. त्याची मोजणी पुढच्या फेरीत करणार आहेत, तेव्हा तुलनेला मी पुन्हा रक्त द्यावं. म्हटलं, द्यायला काय, आता त्यात ठेवण्यासारखं राहिलंय काय!

परत येताना रिक्षात विचार करत होतो. तराजू वापरून झिजतो. लबाड दुकानदाराचा तर झिजतोच, पण अगदी देवमाणसाचाही झिजतो. म्हणून तर वर्षाच्या वर्षाला तपासून शिक्का मारायचा. मंडईतले कित्येक काटे मी डोळे मिटून ओळखायचो. आणि माझ्याच आत इतकी वर्षं काय चाललं होतं, त्याचा मला पत्ता नाही. भीती वाटते. सरळ लिहितो, मला भीती वाटते.

१५ सप्टेंबर, सोमवार

पकडला गेलो. नवरात्राच्या आधी सगळं पितळ चिंच लावून घासायचं हा मंदाचा नेम, आणि यंदा देवघराच्या उपकरणांबरोबर तिने माझी वजनंही काढली. पत्र हातात घेऊन आली. मला वाटलं, आता भडका उडणार.

"नोव्हेंबरातला दाखला सप्टेंबरात कोण देतं? तेव्हाच कळलं होतं मला," म्हणाली. बाकी काही नाही. माझ्या शेजारी बसली आणि माझा हात धरून राहिली. तिचा हात बर्फासारखा गार होता. बाहेर उकडत होतं, तरी.

कोपराखाली तिला तळहाताएवढा निळा डाग दिसला. विचारलं तर म्हणे, कपाटाच्या दाराला लागलं. म्हटलं, जरा बघून चालत जा.

"हो. तुम्ही आता वजनं उचलू नका," म्हणाली आणि पेटी स्वतःच उचलून ठेवली. ठेवल्यावर बराच वेळ कपाटाला धरून उभी होती. माझ्या काळजीने खचली असणार बिचारी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रक्ताच्या डॉक्टर, उल्का सबनीस. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टपुढे ही रांग, म्हणून जिन्याने गेलो. मी दर मजल्यावर थांबत होतो. खरं तर मंदा थांबत होती, पण मलाही थांबावंसं वाटतच होतं.

बाईंनी माझं रक्त कालच तपासून घेतलं होतं. हिमोग्लोबिन पंधराला टेकलेलं, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, सगळं जागच्या जागी. "घैसास, हा रिपोर्ट फ्रेम करून लावण्यासारखा आहे," म्हणाल्या. मग संस्थेचं पत्र पुन्हा वाचलं, पुन्हा रिपोर्ट बघितला, कपाळाला आठी. "इतके बदल असून रक्त इतकं चांगलं. नवल आहे." नवल हा शब्द डॉक्टरच्या तोंडून ऐकायला आवडत नाही. तीन महिन्यांनी बोलावलंय. तोवर दम, थकवा, ताप, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त यातलं काही दिसलं तर तारखेसह लिहून ठेवायचं.

निघताना त्यांची नजर मंदाकडे गेली. "काकू, तुम्हाला दम लागलाय का?"

"तीन जिने चढून आलो ना," मंदा म्हणाली.

मी म्हटलं, "तिची तपासणी झाली आहे, स्वच्छ आलीय. माझा एक प्रश्न राहिला." आणि बदाम किती खायचे ते विचारून घेतलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आंघोळीनंतर आरशात सगळं अंग तपासलं. पाठ दिसेना म्हणून मंदाला बोलावलं. "निळा डाग आहे का कुठे?"

"एकही नाही."

"नीट बघ."

"नाही हो. हवे असतील तर माझ्याकडचे दोन देते," म्हणाली. थट्टा करायची ही वेळ आहे का?

नोंद: थकवा आहे. डाग नाहीत. बेसिनमध्ये पुन्हा रक्त, या आठवड्यात दुसऱ्यांदा. मंदा बीट किसते त्याचा रंग असेल, असं तिचं म्हणणं. मला रोज बीट, खजूर, अंजीर चाललंय. तिला विचारलं तू का खात नाहीस, तर म्हणाली भूकच नसते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

तनया आली. आमची लेक हिंजवडीला नोकरी करते, तिथून कोथरूडला यायला दीड तास लागला म्हणून ट्रॅफिकला शिव्या देतच दारात उभी. आल्या आल्या आईला मिठी मारली आणि तशीच थांबली. "आई, किती बारीक झालीयेस तू! आणि अशी पांढरीफटक का?"

"तुझ्या बाबांचं टेन्शन," मंदा म्हणाली.

मला इतकं वाईट वाटलं! माझं दुखणं माझ्या आत, आणि झिजतेय ती. सोनं देताना तिच्याकडे बघवेना.

जेवताना तनया म्हणाली, "बाबा, आईचं पण एकदा ब्लड चेक करून टाकू ना." मी उठून पेटीतून मंदाचं पत्र काढून आणलं आणि ताटाशेजारी ठेवलं. तीन ओळी, खाली सही, शिक्का. "हे बघ. तुझ्या आईच्या पेशी माझ्यापेक्षा तरण्या आहेत. देवाने बायकांना सगळं चांगलं दिलंय."

"अडुसष्टाव्या वर्षी तरणी!" मंदा म्हणाली. "ते पत्र फ्रेम करा, तुमच्या रिपोर्टशेजारी लावू."

तिघंही हसलो. खूप दिवसांनी घरात हसू आलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

लिफ्ट बंद. रणजितराव म्हणतात पार्ट मागवलाय. कुठून, चंद्रावरून?

मला जड उचलायला मनाई (मंदाची, डॉक्टरची नव्हे), म्हणून दिवाळीच्या फराळाचं सामान तीच वर घेऊन आली. मी गॅलरीतून बघत होतो. फाटकातून आत येताना दिसली, मग बराच वेळ झाला तरी दारात नाही. जिन्यात डोकावलो तर दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर बसली होती, रवा-बेसनाच्या पिशव्या दोन्हीकडे ठेवून. ओठ पांढरे पडलेले. मी वरूनच ओरडलो, "दोन्ही पिशव्या एकदम कशाला उचलायच्या?"

"चूक झाली," म्हणाली. "जरा बसते. तुम्ही खाली येऊ नका, पुन्हा चढावं लागेल."

मी गेलो नाही. तिचं ऐकलं.

नोंद: आज फार थकवा. जिना न चढतासुद्धा.

१३ ऑक्टोबर, सोमवार

संस्थेत दुसरं रक्त देऊन आलो. शेफालीने स्वतः घेतलं. आधी पूर्ण नाव विचारलं, मग जन्मतारीख, मग पट्टी माझ्यासमोर लिहून चिकटवली. म्हटलं, "शिबिरात यातलं काही नव्हतं. नुसता नंबर. मी निरीक्षक असतो तर तुमचं दुकान सील केलं असतं."

"हो ना काका," म्हणाली, "गर्दी खूप होती. चुकलंच ते." चूक मान्य करणारी माणसं मला आवडतात. आमच्या सोसायटीत असलं एकही नाही.

मंदा आली नाही. झोपली होती, उठवलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

लिहू की नको, असं झालंय.

सकाळी मंदाने ओवाळलं. नवी साडी, नथ, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी. दरवर्षी ओवाळताना ती पुटपुटते आणि मी काय मागितलंस विचारतो आणि ती सांगत नाही. आज मोठ्याने म्हणाली, "यांना पुष्कळ आयुष्य दे." ज्योत हलत होती. आणि तिच्या उजव्या हातातली सोन्याची बांगडी मनगटावरून सुळकन घसरली आणि तबकात पडली. खण्ण आवाज झाला. निरांजन विझता विझता राहिलं.

सवाष्णीच्या हातातली बांगडी, पाडव्याला, ओवाळताना. मी सायन्सचा पदवीधर आहे, नवस-बिवस माझ्या गावी नाहीत. पण हे माझ्यासाठीच आहे, असं वाटलं. माझा नंबर लागला.

"अहो, सैल झालीये, एवढंच. सोनाराकडे देऊ," मंदा म्हणाली. मग नाकाला पदर लावून आत गेली. पदराला रक्त होतं. ऑक्टोबरच्या उन्हाने नाक फुटलं म्हणाली. पाडव्याचा नवा पदर खराब झाला म्हणून हळहळत होती.

दिवसभर माझ्या डोक्यात तो आवाज आहे. माझ्या मागे हिचं कसं होणार? बँकेचं, गॅसचं, कशाचं काही तिला माहीत नाही, सगळं मीच केलं. उद्यापासून एकेक शिकवायला बसणार आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी शेफालीचा फोन. "काका, येऊ शकाल का? आजच." आवाज नेहमीचा नव्हता. तिथे जाईपर्यंत मी मनातल्या मनात आमोदला, माझ्या भाच्याला, दोन-चार गोष्टी सांगून ठेवल्या. अंत्यसंस्कार साधे करा, भाषणं नकोत, रणजितरावांना बोलायला देऊ नका.

खोलीत ती एकटी होती. बसा म्हणाली. पाणी दिलं. मी म्हटलं, "गुळाचा खडा नको, सरळ सांग."

"काका, तुमच्या जुलैच्या नमुन्यात आम्ही वाय गुणसूत्र मोजलं. ते नाहीये."

"किती गळालं?"

"एकाही पेशीत नाहीये."

मी म्हटलं, "सगळं संपलं म्हणायचं."

"नाही, काका, ऐका. वयाने गळतं ते थोड्या पेशींतून. असं सगळ्याच्या सगळं नाही गळत. तिथे दोन एक्स आहेत. ते गळालेलं नाही. ते नव्हतंच." तिने दुसरा कागद पुढे सरकवला. "आणि या महिन्यात तुम्ही दिलेल्या रक्तात वाय व्यवस्थित आहे. ते दोन बदलही त्यात नाहीत. तुमचं रक्त स्वच्छ आहे. जुलैत तुमच्या नावावर आलेलं रक्त एका बाईचं आहे."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून ठेवतो. मला आनंद झाला. श्वासभर. टेबलावर हात आपटून "मी म्हटलं नव्हतं, तुमचं दुकान सील करायला हवं" असं म्हणायला मी तोंडसुद्धा उघडलं होतं.

मग ती म्हणाली, "बेचाळीस नंबरच्या पाकिटातला नमुना बघितला, काकूंच्या नावाचा. त्यात वाय आहे. काका, तुमची पाकिटं कुणी वाटली होती?"

मी वाटली होती. चष्मा खिशात ठेवून.

ती पुढे बरंच बोलली. आमचीही चूक आहे, नाव विचारायला हवं होतं, आम्ही लेखी माफी देऊ, काकूंना लगेच तपासायला हवं, उशीर नको, मी डॉक्टर सबनीसांशी बोलते. मला तिचे ओठ हलताना दिसत होते. मला दिसत होती दुसऱ्या मजल्यावरची पायरी आणि दोन्हीकडे रवा-बेसनाच्या पिशव्या.

घरी आलो. लिफ्ट चालू होती. दार मंदाने उघडलं. माझं तोंड बघून तिचा चेहरा उतरला. "काय म्हणाली? काय निघालं?"

"काही नाही."

"असं कसं काही नाही? बसा आधी. पाणी आणते."

"तू बस," मी म्हणालो. "पाणी मी आणतो."

आणलं. कोणता पेला कुठे असतो ते मला सापडत नव्हतं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

काल सांगवलं नाही. आज सकाळी चहा मी केला, बिघडला, तिने प्यायला. मग सांगितलं. पाकिटं, नंबर, रणजितरावांची गाडी, चष्मा, सगळं क्रमाने सांगितलं, आमच्या खात्यात पंचनामा सांगतात तसं. दुसऱ्या तऱ्हेने मला जमलं नसतं. "ते रक्त तुझं होतं, मंदा. ते बदल तुझ्यात आहेत."

ती ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तुम्हाला काही नाही?"

"नाही."

"नक्की? पुन्हा तपासलं?"

"हो. नक्की."

तिने डोळे मिटले. मग भिंतीला धरत धरत उठली, देवघराकडे गेली आणि देवापुढे साखर ठेवली.

तेव्हा मी रडलो. स्वयंपाकघरात, हातात गाळणं घेऊन. मला तिचा राग आला, खरंच आला, इतका कधी आला नव्हता. "साखर कसली ठेवतेस! अगं, तुला कळतंय का मी काय सांगतोय?" असं ओरडलो.

"कळतंय," म्हणाली. "मला महिनाभर कळतंय की काहीतरी आहे. पण एका घरात एका वेळी एकच दुखणं परवडतं. आणि तुमचा नंबर आधी होता."

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मंदाचं हिमोग्लोबिन साडेसहा. प्लेटलेट किती तरी खाली. डॉक्टर सबनीसांनी तिचे हात उलटे-सुलटे करून पाहिले, दंडावरचे, पोटऱ्यांवरचे डाग. माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे कधीपासून आहे, काकू?"

"झाले असतील आठ दिवस," मंदा म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "डाग पंधरा सप्टेंबरला पहिला, उजव्या कोपराखाली. हिरड्यांतून रक्त दहा सप्टेंबरपासून. दम अठराला, तुमच्याच जिन्यात. नाकातून रक्त पाडव्याला. वजन कमी होतंय दसऱ्याच्या आधीपासून. भूक नाही."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. "तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"बघत होतो," म्हणालो. यापेक्षा खरं उत्तर माझ्यापाशी नाही.

आजच दोन बाटल्या रक्त चढवलं. सोमवारी हाडातला मगज काढून तपासायचा, मग नेमकं काय ते कळेल. लवकर आलो का, असं मी विचारलं. "लवकर म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण उपाय संपलेत असंही नाही. औषधं आहेत. तुमच्या मिसेस चिवट दिसतात."

"फार," मी म्हणालो.

रक्त चढल्यावर मंदाच्या गालांवर जरासा रंग आला. कुणा दुसऱ्याच्या पेशी, कुठल्या नावाच्या कोण जाणे. मी बाटलीवरची पट्टी चार वेळा वाचली.

३ नोव्हेंबर, सोमवार

मगजाची तपासणी झाली. तिला पालथं झोपवलं होतं, मला बाहेर थांबा म्हणाले. तनया बाहेर थांबली, मी थांबलो नाही. मंदाने माझा हात घट्ट धरला होता. सुई आत गेली तेव्हा तिच्या तोंडून एवढंच आलं, "अगं आई." लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, मी तिला आईला हाक मारताना पहिल्यांदा ऐकलं.

काम झाल्यावर तिथल्या मुलाने ट्रेमधल्या बाटल्या उचलल्या. मी म्हटलं, "थांबा." चष्मा लावलेलाच होता. "नाव विचारा."

"अहो काका, फाइलवर आहे."

"फाइल मी पण वाचू शकतो. विचारा."

त्याने उसासा टाकून विचारलं. मंदाने पालथ्या अंगानेच सांगितलं. "मंदाकिनी बाळकृष्ण घैसास." मग जन्मतारीख. मग मी एकेक बाटली उजेडात धरून पट्टी वाचली, नाव, वय, तारीख. पहिली वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. मग पुन्हा पहिली हातात घेतली. परत वाचली. ती खाली ठेवायला माझा हात तयार होईना. तिथे माझं नाव असतं तर बरं झालं असतं, एवढंच डोक्यात होतं. मुलगा ट्रे घेऊन ताटकळत उभा होता.

मंदाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"द्या ती त्याला," म्हणाली. "अहो, माझंच आहे ते."